चवदार तळ्याचे चित्र : मांडणीमागचा विचार

(जामनेर येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

मी वक्ता नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकविण्यात माझे आयुष्य गेले. फळ्यासमोर उभे राहण्याची सवय आहे, माइकसमोर उभे राहण्याची नाही. तरीही आज बोलणे भाग आहे. विहारासाठी मी काढलेले महाडच्या सत्याग्रहाचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते पाहून काही बांधवांनी मनापासून कौतुक केले, तर काही बांधवांनी लेखी हरकत घेतली. हरकतीचे मुद्दे असे आहेत. बाबासाहेब चित्राच्या मध्यभागी नाहीत. त्यांची आकृती इतरांपेक्षा मोठी नाही. आणि सर्वांत गंभीर मुद्दा म्हणजे, त्यांचे मस्तक मागच्या लोकांच्या मस्तकांपेक्षा खाली आहे. हा त्यांचा अपमान आहे, असे हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे आहे.

मी या हरकतीचा राग मानलेला नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे खाली बसविले गेले, तो आपल्या उद्धारकर्त्याचे मस्तक वर पाहू इच्छितो, यात चूक ती काय? परंतु मी ही मांडणी निष्काळजीपणाने केलेली नाही. तिच्यासाठी मी ११ कच्ची रेखाटने केली आणि त्यांतली १० टाकून दिली. ती का टाकली, हे आज सांगणार आहे. ऐकून घ्यावे आणि मग कार्यकारिणीने निर्णय करावा.

प्रसंग कोणता?

विद्यार्थ्यांसाठी आधी प्रसंग थोडक्यात सांगतो. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. त्यानंतर महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याचा हात त्या पाण्याला लागला नाही. तळ्याच्या भोवती सवर्णांची घरे होती. तिथे जाण्याची हिंमत कोण करणार?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक रांगेने, शांतपणे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी प्रथम ओंजळीने पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. पुढे तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे पाण्यात हात घालायला काही क्षण लागले, आणि तो हात बरोबर होता हे कायद्याने मान्य करायला १० वर्षे लागली.

एवढ्या मोठ्या घटनेतला कोणता क्षण रंगवायचा, हा चित्रकारापुढचा पहिला प्रश्न. मोर्चा, हल्ला, न्यायालय, सर्वच रंगवता येईल. पण चित्राला एकच क्षण मिळतो. मी पाण्याला हात लागल्याचा क्षण निवडला, कारण ठरावाचा कागद आणि माणसाचा हात यांच्यातले अंतर त्याच क्षणी संपले.

पाणी वरून की खालून?

आता माझ्या स्वतःच्या आठवणीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. माय कापूस वेचायला जायची, मी तिच्यामागे. गावाचे नाव घेत नाही. शेताच्या विहिरीवर मायला तहान लागली की ती थारोळ्यापासून चार हात लांब वाकून बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची. विहिरीवरचा माणूस उभा राहून वरून पाणी ओतायचा. भांडे ओंजळीला लागू नये म्हणून धार उंचावरून यायची. निम्मे पाणी हातात पडायचे, निम्मे लुगड्यावर. माय घोट घेत असताना वर पाहू शकत नव्हती. वर पाहिले तर पाणी नाकात जायचे. ओतणारा माणूस वाईट नव्हता. कधी कधी तो विचारायचाही, "अजून देऊ का?" पण तो उभा आणि ती वाकलेली, धार वरून खाली, हे चित्र माझ्या डोळ्यांत कायमचे बसले.

महाडचे पहिले रेखाटन मी केले तेव्हा काय घडले पाहा. मी बाबासाहेबांना वरच्या पायरीवर ताठ उभे केले, त्यांच्या ओंजळीतून पाणी खाली पडते आहे आणि खाली लोक हात पसरून बसले आहेत, असे दाखविले. रेखाटन मला फार आवडले. भव्य वाटले. ते भिंतीला टाचले आणि चहा पिऊन परत आलो, तो माझ्या लक्षात आले की हे तर त्या विहिरीचेच चित्र आहे. फक्त वर उभा असलेला माणूस बदलला आहे. पाणी अजूनही कोणीतरी वरून ओततोच आहे आणि माझी माय अजूनही खाली वाकलेलीच आहे.

बाबासाहेब महाडला पाणी वाटायला गेले नव्हते. प्रत्येकाने आपल्या हाताने पाणी घ्यावे, यासाठी ते गेले होते. मी ते रेखाटन फाडले आणि चित्राचा एक नियम ठरवला. या चित्रात कोणाच्याही हातात वरून पाणी पडणार नाही. पाणी खालून वर येईल, आणि ते ज्याचे त्याने उचलावे.

मस्तक खाली का, याचे उत्तर इथे आहे. पाण्याला स्वतःच्या हाताने स्पर्श करायचा तर वाकावेच लागते. तळ्याची शेवटची पायरी उतरून जो पहिल्यांदा वाकला, त्याचे मस्तक मागे पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांपेक्षा खाली येणारच. माझी माय वाकायची ती दुसऱ्याच्या भांड्यापुढे. बाबासाहेब वाकले आहेत ते पाण्यापुढे, आणि त्यांच्यावर कोणी भांडे धरून उभा नाही. दोन्ही वाकण्यांतला हा फरक दिसावा म्हणूनच मी त्यांच्या मस्तकावरची जागा पूर्ण मोकळी सोडली आहे. घर नाही, झेंडा नाही, कोणाचा हातही नाही.

अजिंठ्याने काय शिकविले?

आपण जामनेरकर भाग्यवान आहोत. पहूरवरून फर्दापूरच्या रस्त्याला लागले की जगाची सर्वांत मोठी चित्रशाळा आपल्या दाराशी आहे. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी खोदली, तीच वाघूर पुढे आपल्या भागातून वाहत तापीला मिळते. पूर्वी बाहेरगावची माणसे पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने पहूरला उतरून लेण्यांना जात. ती गाडी आता इतिहासजमा झाली, पण रस्ता आहेच. विद्यार्थ्यांनो, अजिंठ्याला सहलीला जाता तेव्हा नुसते 'किती सुंदर' म्हणून परत येऊ नका. एका भिंतीसमोर अर्धा तास उभे राहा आणि विचारा, या माणसाला इथेच का उभे केले?

मी अजिंठ्याकडून तीन गोष्टी घेतल्या आणि एक गोष्ट मुद्दाम घेतली नाही. न घेतलेली आधी सांगतो.

१७ व्या क्रमांकाच्या लेण्यात एक जगप्रसिद्ध चित्र आहे. बुद्ध होऊन सिद्धार्थ कपिलवस्तूला परत आले आहेत, हातात भिक्षापात्र आहे, आणि दारात यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लेणी रंगली. त्या चित्रात बुद्धांची आकृती प्रचंड मोठी आहे आणि यशोधरा-राहुल अगदी लहान. बुद्ध शरीराने तेवढे उंच होते, असे चित्रकाराला म्हणायचे नाही. जो ज्ञानाने मोठा झाला, तो आता नवरा आणि बाप या नात्यांच्या मापात मावत नाही, एवढे त्याला सांगायचे आहे. माप हीच तिथली भाषा आहे.

माझे दुसरे रेखाटन याच पद्धतीचे होते. बाबासाहेब मोठे, लोक लहान. पण महाडच्या तळ्यावर ही भाषा बोलता येत नाही, असे माझ्या लक्षात आले. तो दिवस माणूस आणि माणूस सारखे आहेत हे सांगण्याचा होता. समतेचे चित्र काढायचे आणि त्यात एकाला १० फुटांचा आणि बाकीच्यांना दोन फुटांचे करायचे, हे मला जमेना. म्हणून सर्वांचे माप सारखे ठेवले. जवळचा मोठा, लांबचा लहान, एवढाच काय तो फरक.

आता घेतलेल्या तीन गोष्टी.

पहिली गोष्ट काळाची. अजिंठ्याचा चित्रकार एकाच भिंतीवर एकाच माणसाला दोनदा-तीनदा रंगवतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातली महाजनक जातकाची कथा पाहा. राजा महालात बसला आहे, थोडे पुढे तोच राजा बाहेर निघाला आहे. मध्ये चौकट नाही. खांब, झाड, दार यांनी काळ पुढे सरकतो. हे पाहून मला माझ्या चित्रातल्या बाईचा प्रश्न सोडवता आला. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक स्त्री घागर भरते आहे. काही जणांनी विचारले, ही कुठली? ती डिसेंबरमधली आहे. त्याच वर्षी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि जातीची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत व अंगावरचे ओझ्याचे दागिने टाकून द्यायला सांगितले. मी मार्च आणि डिसेंबर एकाच पायरीवर आणले. ओंजळीतले पाणी तिथेच संपते, घागरीतले पाणी घरी जाते, चुलीशी जाते. ही बाई चित्रात नसती तर पाणी तळ्यावरच राहिले असते. तिचे हात मी कापूस वेचणाऱ्या हातांवरून काढले आहेत. बोंडाने चिरलेली बोटे जवळून पाहिली तर दिसतील.

दुसरी गोष्ट रंगांची. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा आणि काजळी एवढेच मुख्य रंग आहेत. आपल्या घरात दिवाळीला लागणाऱ्या वस्तूंपेक्षा फार वेगळे नाहीत. निळा मात्र परदेशचा. तो लाजवर्द नावाच्या दगडापासून होई, आणि तो दगड अफगाणिस्तानातून येई. म्हणून निळा जपून वापरलेला दिसतो. निळा रंग आपल्या चळवळीचा आहे. त्यामुळे बाबासाहेबांचा कोट निळा का नाही, झेंडे निळे का नाहीत, असे मला विचारले गेले. मी सारे चित्र मातीच्या रंगांत ठेवले. पायऱ्या, माणसे, घरे, धोतरे, पागोटी, सर्व काही गेरू, पिवडी आणि मळकट पांढरे. निळा फक्त पाण्याला दिला. विहाराच्या दारातून आत येणाऱ्याच्या नजरेत आधी पाणी भरावे, हा हेतू. कोट, झेंडा, आकाश, सगळीकडे निळा टाकला असता तर पाणी हरवले असते. ज्या गोष्टीसाठी लढाई झाली तिलाच आपला रंग दिला आहे.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. १० व्या क्रमांकाचे लेणे अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहे. तिथल्या जुन्या चित्रांत लोक बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतात, बुद्धांची आकृती मात्र नाही. त्या काळी बुद्ध दाखवायचे ते वृक्ष, स्तूप, चक्र, पाऊल, रिकामे आसन अशा खुणांनी. रिकामी जागा सुद्धा बोलते, हे मी तिथे शिकलो. माझ्या चित्राचा खालचा जवळजवळ अर्धा भाग नुसते पाणी आहे. "एवढी जागा वाया का घालवली?" असे एका मित्राने विचारले. ती वाया गेलेली नाही. पाहणारा माणूस तिथे उभा आहे. हे चित्र काठावरून पाहिलेले नाही, ते पाण्याच्या बाजूने पाहिलेले आहे. लोक पायऱ्या उतरून आपल्याकडे येत आहेत. पाठमोरी गर्दी रंगविणे सोपे होते, पण मग चेहरे दिसले नसते, आणि ज्यांचे चेहरे पाहण्याचे कोणी कष्ट घेतले नाहीत अशा लोकांना मला पुन्हा पाठमोरे करायचे नव्हते.

याच कारणाने उजेडही खालून आला. पाण्यावर पडलेले ऊन परत उसळते आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर, गालावर, कपाळावर पडते. बाबासाहेबांचे मस्तक खाली आहे, पण सर्वांत जास्त उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आहे, कारण ते पाण्याच्या सर्वांत जवळ आहेत.

एका आजीची सूचना

इतके सारे करूनही चित्र जमत नव्हते. माप सारखे केले, मध्यभाग सोडला. मग बाबासाहेबांचे महत्त्व दाखवायचे कशाने? मी नजरांचा उपाय केला. सर्व माणसे त्यांच्याकडे पाहत आहेत, असे रंगवले. पुस्तकात हा उपाय सांगितलेला असतो. जिकडे सारे पाहतात तिकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाते.

चित्र अर्धे झाले असताना आमच्या वस्तीतल्या एक वयस्कर आजी ते पाहायला आल्या. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडलेला नाही. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "बापू, पानी पेतांना मानसाचे डोये पान्यात राहतात. हे सारे तिकडे काय पाहून राह्यले?"

मी निरुत्तर झालो. तहानलेला माणूस, आणि तोही ज्याला हे पाणी जन्मात कधी मिळाले नाही, तो नेत्याकडे कशाला पाहील? तो पाण्याकडेच पाहील. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे डोळे खरवडून काढले आणि पुन्हा रंगवले. कोणी पाण्याकडे पाहतो आहे, कोणी आपल्या ओंजळीकडे, एक पोर पाण्यात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडे.

आता प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड झाला. माप नाही, मध्यभाग नाही, नजराही नाहीत. मग पहिला हात कोणाचा, हे कळणार कसे? त्याचे उत्तर शेवटी पाण्यानेच दिले. विद्यार्थ्यांनी घरी परातीत पाणी घेऊन करून पाहावे. बोट बुडवले की तरंगाचे वर्तुळ उठते आणि मोठे होत जाते. थोड्या वेळाने दुसऱ्या जागी बोट बुडवले तर दुसरे वर्तुळ उठते, पण ते पहिल्यापेक्षा लहान असते. जे आधी सुरू झाले ते मोठे. माझ्या चित्रात अनेक हात पाण्यात आहेत आणि प्रत्येक हाताभोवती वर्तुळ आहे. सर्वांत मोठे वर्तुळ बाबासाहेबांच्या हाताभोवतीचे आहे. ते इतर सर्व वर्तुळांतून पसरत उजव्या कोपऱ्यातल्या घागरीपर्यंत पोहोचते. पहिला कोण, हे पाणी सांगते.

मांडणीची रेषाही मग आपोआप सापडली. माणसांची मस्तके उजवीकडे वरून डावीकडे खाली तिरकी उतरतात आणि त्यांच्या हातापाशी येऊन थांबतात. तिथून नजर वर्तुळांवरून घसरत पाण्यावरून उजवीकडे जाते, घागरीपाशी पोहोचते, आणि त्या बाईच्या मागच्या पायऱ्यांवरून पुन्हा वर चढते. नजर चित्राबाहेर पडत नाही, फिरत राहते. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. चित्रात नजरेला येण्याचा रस्ता द्यावा, फिरण्याचा द्यावा, आणि विसाव्याची एक जागाही द्यावी. आणखी एक. पाण्यावरचे वर्तुळ तिरक्या नजरेने पाहिले की लंबगोल दिसते. लांबचे अधिक चपटे, जवळचे अधिक गोल. ते चुकले की पाणी भिंतीसारखे उभे राहते.

जे रंगविले नाही त्याविषयी

काय काढले यापेक्षा काय गाळले, यावरून चित्रकाराची परीक्षा करावी. म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो.

हल्ला मी रंगविला नाही. लाठ्या आणि रक्त दाखवले असते तर चित्राचा मालक हल्ला करणारा झाला असता. मात्र तो मी विसरलेलो नाही. चित्राच्या वरच्या पट्टीत घरांची ओळ आहे, तिची दारे-खिडक्या बंद आहेत. बंद खिडकीकडे पाहून येणाऱ्या संकटाची चाहूल लागते. त्यात एकच दार उघडे आहे. हल्ल्याच्या वेळी आपल्या काही लोकांना मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा मिळाला, त्याची ती आठवण.

महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातले कार्यकर्ते बाबासाहेबांच्या बरोबरीने उभे राहिले होते. परिषदेच्या उभारणीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचे कष्ट मोठे होते. हे सारे पायऱ्यांवरच्या गर्दीत आहेत, पण कोणालाही ओळखीची खूण दिलेली नाही. त्या रांगेत खूण पुसली जाणे हेच महत्त्वाचे होते.

विहारातल्या चित्रात भगवान बुद्ध का नाहीत, असेही विचारले गेले. आभाळात बुद्धांचा चेहरा आणि खाली महाड, अशी मांडणी आपण कॅलेंडरवर पाहतो. धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. महाडनंतर २९ वर्षांनी. तुम्ही म्हणाल, मार्च आणि डिसेंबर एकत्र आणलेस, मग १९५६ का नाही? कारण असे, की मार्च आणि डिसेंबर हा एकाच लढ्याचा एकाच गावातला वर्षभराचा प्रवास आहे. पण २९ वर्षांनंतरचे उत्तर १९२७ च्या आभाळात टांगले, तर पायऱ्यांवरच्या त्या लोकांचे धैर्य कमी होते. पुढे काय होणार, हे त्यांना माहीत नव्हते. डोक्यावर कोणाचा आशीर्वाद दिसत नसताना ते उतरले. शिवाय या सभागृहात बुद्धमूर्ती समोर आहे आणि चित्र बाजूच्या भिंतीवर. वंदना करून माणूस वळला की त्याला तळे दिसते. बुद्धांकडून महाडकडे जाणारी ती वळण्याची क्रिया पाहणाऱ्यानेच करायची आहे.

नक्कल का नाही?

कोणी म्हणेल, एवढा विचार करण्यापेक्षा एखाद्या प्रसिद्ध चित्राची मोठी प्रत का काढली नाही? प्रत काढणे हलके काम आहे, असे मी म्हणत नाही. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याला राहून भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती काढल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तरी तो पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये तो वारला आणि आपल्या भुसावळलाच त्याचे दफन झाले. त्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. पण प्रत काढणाऱ्याला जे आहे ते जपायचे असते. महाडचे तसे नाही. तो प्रसंग प्रत्येक पिढीने स्वतःच्या अनुभवातून समजून घ्यावा लागतो. माझ्या मायची ओंजळ मला दुसऱ्याच्या चित्रात सापडली नसती.

शेवटची विनंती

बांधवांनो, आता निर्णय आपला आहे. मस्तक वर करून द्यावे, अशी सूचना आली आहे. हात जोडून सांगतो, ते माझ्याकडून होणार नाही. मस्तक वर गेले की हात पाण्यातून बाहेर येतो. मग वर्तुळे राहत नाहीत, उजेड राहत नाही, आणि चित्रात उरते ते पाण्याजवळ उभे असलेले लोक. तसे उभे तर ते १९२३ च्या ठरावानंतरही होते. बहुमताला चित्र मान्य नसेल तर ते आनंदाने उतरवून माझ्या घरी पाठवावे, माझा राग राहणार नाही. दुसऱ्या कोणी सुंदर चित्र दिले तर ते लावण्यास मी स्वतः शिडी धरीन.

एक सूचना मात्र मी मान्य केली आहे. चित्राखाली प्रसंग आणि तारीख लिहिलेली पाटी असावी, असे विद्यार्थ्यांनी सुचविले. ती मी लिहून आणली आहे.

आणि चित्र ठेवायचे ठरले तर माझी एक विनंती आहे. ते उंचावर लावू नका. पाण्याची कड जमिनीपासून हातभर उंचीवर राहू द्या. परवा मी आलो तेव्हा दोन लहान मुले चित्रातल्या पाण्याला हात लावून पाहत होती, आणि एक कार्यकर्ते त्यांना रागावत होते. चित्र खराब होऊ नये ही त्यांची काळजी योग्यच आहे. काच बसवावी, कठडा घालावा, असाही विचार पुढे आला आहे. पण महाडच्या तळ्याच्या चित्राभोवती कठडा घालायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. मुलांना हात लावू द्या. रंग मळला तर मी येऊन साफ करीन, उडाला तर पुन्हा भरीन. माझे हात चालत आहेत तोवर ते काम माझे. पुढे इथल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी ते हाती घेईल, अशी आशा आहे.

 

जय भीम! नमो बुद्धाय!